व्हॉल्व्ह सर्विस किट वापरून बघितलं: कॉम्प्रेसर एक नंबर, पेस्ट कामाची, सोबतचा सूचनांचा कागद मात्र बाजूला ठेवा

इंजिन खोललंच आहे तर व्हॉल्व्हपण करून टाकू असं बाइक रिबिल्ड करणारा जवळपास प्रत्येक जण म्हणतो आणि मग नेमका इथेच अडतो, कारण पिस्टन, रिंग, गॅस्केट हे सगळं साध्या पान्ह्यांवर होऊन जातं पण व्हॉल्व्ह बाहेर काढायला स्प्रिंग दाबायचं हत्यार लागतं, ते नसलं की हेड (सिलिंडरवरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) उचलून मशीन शॉपला द्यायचं आणि त्यांनी आत काय केलं, किती घासलं, हे परत आल्यावर कळायचा काही मार्ग नाही. मला ते नको होतं म्हणून हे किट घेतलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीचं किट वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि मी जे सांगतेय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. एका जुन्या एअर कूल्ड सिंगल सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हवाल्या हेडवर आणि नंतर एका चार व्हॉल्व्हच्या ट्विन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट असलेल्या) हेडवर, अशा दोन्हीवर वापरलंय, आणि दोन्हीकडे अनुभव वेगळा आला.

डब्यात काय येतं ते आधी सांगते. सी आकाराचा स्प्रिंग कॉम्प्रेसर, त्याला लावायचे वेगवेगळ्या मापांचे अडॅप्टर, दोन्ही टोकांना रबरी सकर असलेल्या लाकडी काठ्या, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक ग्राइंडिंग पेस्ट असलेली डबी, टोकाला मॅग्नेट असलेला पेन, गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात वर-खाली सरकते ती नळी) साफ करायचा बारीक ब्रश, आणि घडी घातलेला सूचनांचा कागद. व्हॉल्व्ह सील (दांडीवरून ऑइल आत उतरू न देणारं), मार्किंगचा निळा रंग (कुठे टेकतंय ते दाखवणारा), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) यातलं काही येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं आणि त्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही हे डब्यावर कुठेतरी लिहायला हवं होतं.

आता कॉम्प्रेसर, कारण मुख्य वस्तू तीच. फ्रेम जाड आहे, स्क्रूचे आटे स्वच्छ कापलेले आहेत, आणि आतली-बाहेरची अशी डबल स्प्रिंग असलेल्या हेडवर पूर्ण दाब आला तरी फ्रेम उघडत नाही किंवा एका बाजूला कलत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण कॉम्प्रेसर तिरका झाला की स्प्रिंगचा सगळा जोर व्हॉल्व्हच्या दांडीवर आडवा येतो आणि साडेचार-पाच मिलिमीटरची दांडी वाकायला फार काही लागत नाही. एक बाजू कंबशन चेंबरमधून व्हॉल्व्हच्या डोक्यावर टेकते, दुसऱ्या बाजूचा अडॅप्टर स्प्रिंगच्या वरच्या वाटीवर म्हणजे रिटेनरवर बसतो, आणि अडॅप्टरला बाजूला खिडकी आहे त्यातून व्हॉल्व्ह लॉकचे (रिटेनरला दांडीवर धरून ठेवणाऱ्या छोट्या पाचरीचे) दोन अर्धे तुकडे काढायचे. ती खिडकी मोठी ठेवलीय, मॅग्नेटचा पेन आरामात आत जातो, याचे पूर्ण मार्क.

पण थेट स्क्रू फिरवत सुटू नका. वर्षानुवर्षं बसलेले लॉक रिटेनरच्या निमुळत्या भोकात पाचरीसारखे घट्ट बसलेले असतात, तुम्ही दाब देत राहता आणि काहीच सुटत नाही, मग लोक म्हणतात कॉम्प्रेसर बेकार आहे. आधी हेड एखाद्या लाकडावर ठेवून, व्हॉल्व्हच्या डोक्याखाली कापडाचा बोळा ठेवून, रिटेनरवर योग्य मापाचा सॉकेट उभा धरायचा आणि वरून हातोडीची एक बेताची थाप द्यायची, पकड सुटते. मग कॉम्प्रेसर लावला की अर्ध्या-पाऊण फेऱ्यात टक असा आवाज येतो, रिटेनर खाली सरकतो आणि लॉकचे दोन तुकडे दांडीच्या खाचेत उघडे दिसायला लागतात. तिथेच थांबायचं. लॉक निघतील इतकाच दाब पुरे, त्यापुढे फिरवून स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकवण्यात काही अर्थ नाही.

अडॅप्टरबद्दल एक तक्रार आहे. खिडकी कापल्यावर कड मारलेली नाही, धार तशीच आहे. दोन व्हॉल्व्हच्या उघड्या हेडवर त्याने फरक पडत नाही, पण ज्या इंजिनात बकेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधली उलटी वाटी) आणि खाली शिम (फट जुळवायची पातळ चकती) असते तिथे अडॅप्टर बकेटच्या बोअरमधून खोल आत जातो, आणि तो बोअर म्हणजे अॅल्युमिनियमची घासणारी पृष्ठभागच आहे, तिथे एक चरा पडला की बकेट अडकायला लागते. मी आधी बारीक कानशीने सगळ्या कडा मोडून घेतल्या आणि शिवाय रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीची पट्टी कापून बोअरच्या आत गोल बसवली. हे केल्यावर सगळ्यात छोटा अडॅप्टर ट्विन कॅमवर अप्रतिम चालतो. पण कानस मारायचं काम बनवणाऱ्याचं होतं, घेणाऱ्याचं नाही.

मॅग्नेटचा पेन साधा आहे पण त्याच्याशिवाय हे लॉक हरवायची शंभर टक्के खात्री. जाता जाता एक गंमत, त्याच पेनने व्हॉल्व्ह तपासून बघा, इन्टेकच्या डोक्याला बहुतेक वेळा चिकटतो आणि एक्झॉस्टच्या डोक्याला बऱ्याच इंजिनांत चिकटतच नाही, कारण तिथे उष्णता सोसणारं ऑस्टेनिटिक स्टील वापरलेलं असतं आणि ते मॅग्नेटला दाद देत नाही.

लॉक निघाले, स्प्रिंग निघाली, की व्हॉल्व्ह लगेच ओढून काढायचा मोह होतो. थांबा. दांडीच्या टोकावर रॉकरचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्या तुकड्याचे) ठोके बसून बसून कड बाहेर आलेली असते, लॉकच्या खाचेच्या काठालाही बारीक उभी धार असते, नखाने लागते. तसाच ओढला तर ती धार गाइडला आतून ओरखडत जाते आणि चांगला गाइड तुम्ही स्वतःच्या हाताने खराब करता. बारीक ऑइल स्टोन किंवा पॉलिश पेपरने ती धार आधी घालवायची, पुसायचं, मग व्हॉल्व्ह बोटाने ढकलून बाहेर. किटच्या कागदावर याचा एक शब्द नाही. कागदाबद्दल पुढे अजून बोलायचंय.

निघालेला प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग, त्याचे लॉक, त्याचा शिम, सगळं एकत्र आणि जागेच्या नावानिशी ठेवायचं. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात उभे करून ठेवले की झालं. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या आपल्या सीटशी (बंद झाल्यावर तो जिथे टेकतो त्या गोल कडेशी) जुळलेला असतो, अदलाबदल केली की सगळं घासणं परत पहिल्यापासून.

गाइडचा ब्रश बरा आहे, कार्बन निघतो, दांड्याची तार थोडी मऊ आहे. गाइड साफ झाल्यावर तपासणी करा, पेस्टची डबी उघडायच्या आधी. व्हॉल्व्ह साधारण एक सेंटीमीटर उचलून डोकं आडवं हलवून बघायचं. नवीन गाइडमध्ये दांडी आणि गाइड यांच्यात फट असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतकी, इन्टेकला साधारण ०.०१ ते ०.०४ आणि एक्झॉस्टला ती जास्त गरम होऊन फुगते म्हणून थोडी जास्त, नेमका आकडा आणि किती झीज चालेल ते तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघा. डोकं हाताला खटखट हलत असेल तर तिथेच थांबायचं. गाइड ढिला असताना सीट घासण्याला काही अर्थ नाही, कारण व्हॉल्व्ह दर वेळी थोडा वेगळ्या जागी येऊन बसणार, तुम्ही कितीही सुंदर घासा तो सील होणार नाही. क्रम ठरलेला आहे, आधी गाइड, मग त्याच गाइडला केंद्र धरून सीट कट करायची, आणि सगळ्यात शेवटी पेस्ट. हा क्रम उलटा करून लोक वेळ घालवतात आणि किटला शिव्या देतात.

व्हॉल्व्हचा काठ पण बघा. घासायच्या तिरक्या फेसच्या वर डोक्याला एक उभी कड असते, तिची जाडी मॅन्युअलच्या मर्यादेखाली गेली असेल, सुरीसारखी झाली असेल, तर तो व्हॉल्व्ह बदलायचाच. पातळ कड तापून लाल होते आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवते, वर ती स्वतः जळून तुटते ते वेगळंच. फेसवर खोल खड्डे असतील तरी तेच. जुन्या व्हॉल्व्हवर जीव लावून उपयोग नाही, पूर्ण इंजिनात तुलनेने सहज बदलता येणारी वस्तू आहे ती.

आता घासणं, म्हणजे लॅपिंग, ज्यासाठी बहुतेक लोक हे किट घेतात.

काठीचा सकर मोठ्या व्हॉल्व्हवर छान धरतो. डोकं स्पिरिटने पुसून कोरडं करायचं, सकरला किंचित ओलावा द्यायचा, दाबून बसवायचा. छोट्या व्हॉल्व्हवर, विशेषतः चार व्हॉल्व्हच्या इंजिनातल्या एक्झॉस्टवर, सगळ्यात लहान सकरपण काठापर्यंत येतो आणि दर थोड्या वेळाने सुटतो. रबर कडक आहे, इतकंच कारण. तिथे काठी बाजूला ठेवून मी दांडीच्या वरच्या टोकावर घट्ट बसणारी रबरी नळी चढवली आणि वरच्या बाजूने व्हॉल्व्ह सीटवर हलका ओढून धरत नळी फिरवली, हा प्रकार सकरपेक्षा जास्त भरवशाचा निघाला. नळीचा तुकडा किटमध्ये टाकला असता तर त्या कडक रबरापेक्षा जास्त उपयोग झाला असता.

पेस्टमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण आहेत, म्हणजे आपलं नेहमीचं कार्बोरंडम, ग्रीसमध्ये कालवलेले. बारीक बाजूची पेस्ट खरंच चांगली आहे, कण एकसारखे आहेत, ओरखडे पडत नाहीत. जाड बाजू मी जवळपास बंदच ठेवते आणि तुम्हालाही तेच सांगेन. जाड पेस्ट लागते फक्त जेव्हा फेसवर बारीक ठिपके आहेत आणि ते बारीक पेस्टने जात नाहीत तेव्हा, आणि तेव्हाही अगदी थोडा वेळ. ज्या सीटला जाड पेस्टने खूप वेळ घासावं लागतंय तिला खरं तर कटरची गरज आहे, कारण पेस्ट सीट आणि व्हॉल्व्ह दोघांनाही खाते, दोन्हीकडे खळगा पाडते, आणि तो खळगा गार असताना जुळतो पण गरम झाल्यावर व्हॉल्व्हचं डोकं फुगून संपर्काची जागा सरकते आणि मग परत लीक.

पेस्ट किती, तर फेसवर तीन-चार जागी छोटे ठिपके, बस. दांडीला इंजिन ऑइलचा हात द्यायचा, म्हणजे चुकून कण तिकडे गेला तरी गाइडला कमी त्रास. व्हॉल्व्ह बसवायचा, काठी दोन्ही तळहातांत धरून पुढे-मागे घुसळायची, दाब हाताच्या वजनाइतकाच. सुरुवातीला खर्र खर्र असा कोरडा आवाज येतो आणि हाताला कण चावताना जाणवतात. हळूहळू तो आवाज मऊ होत जातो, मग गुळगुळीत सरकल्यासारखं लागतं, म्हणजे कण मोडले किंवा बाजूला सरकले. त्या क्षणी व्हॉल्व्ह उचलायचा, पाव फेरी फिरवून परत बसवायचा, आणि पुन्हा. हे उचलणं-फिरवणं हाच सगळा खेळ आहे, ते केलं नाही तर कण एकाच वाटेने फिरत राहतात आणि फेसवर गोल गोल चर पडतात. पूर्वीचे मिस्त्री डोक्याखाली एक हलकी स्प्रिंग ठेवायचे, दाब सोडला की व्हॉल्व्ह आपोआप वर यायचा, ती युक्ती आजही तितकीच चालते.

आणि इथे त्या कागदाचा विषय. कागदावर लिहिलंय की काठीऐवजी ड्रिल मशीन लावा, काम लवकर होतं, आणि चमक येईपर्यंत घासा. दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि नवीन माणूस कागदावर विश्वास ठेवणार याचा मला खरंच राग आला. ड्रिल एकाच दिशेने फिरतं, वर उचलणं होत नाही, म्हणजे वर सांगितलेले गोल चर पडायची पूर्ण सोय. आणि चमक तर मुळीच नको. बरोबर घासलेल्या फेसवर आणि सीटवर राखाडी रंगाचा, मॅट दिसणारा, कुठेही न तुटलेला, सगळीकडे सारख्या रुंदीचा गोल पट्टा दिसतो. पट्ट्यात एखाद्या जागी चमकदार तुकडा दिसला तर तिथे व्हॉल्व्ह टेकतच नाहीये, किंवा काळा ठिपका दिसला तर तिथे खड्डा आहे. तो पट्टा वाचता आला की किटचे पैसे वसूल.

माझ्या मते हे किट दुरुस्तीचं कमी आणि तपासणीचं जास्त आहे, आणि तसं वापरलं तर ते फार चांगलं आहे. बारीक पेस्टने थोडंसं घासा, पुसा आणि बघा. पट्टा पूर्ण आला, सारखा आला, मधोमध आला, तर सीट शाबूत आहे, थोडं अजून घासून पुढे जा. पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बारीक आला तर सीट आणि गाइड एका केंद्रात नाहीत किंवा व्हॉल्व्ह वाकलाय. पट्टा फेसच्या अगदी वरच्या काठाला आला किंवा खाली गेला तर सीटचे कोन बदलून तो जागेवर आणावा लागेल. ही सगळी माहिती थोड्याशा पेस्टने मिळते आणि मशीन शॉपला हेड देताना तुम्ही नेमकं काय करून हवंय ते सांगू शकता.

रुंदी मोजायला व्हर्नियर घ्या. बाइकच्या इंजिनांत सीटचा पट्टा साधारण एक ते दीड मिलिमीटरच्या आसपास असतो, इन्टेकला बारीक आणि एक्झॉस्टला थोडा रुंद, नेमका आकडा मॅन्युअलचा. एक्झॉस्टला रुंद कशासाठी, तर चालू इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ७०० डिग्री सेल्सियसच्या वर जातं आणि त्याची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते, उरलेली दांडीतून गाइडमध्ये. पट्टा फार बारीक असेल तर उष्णता उतरायला वाट कमी पडते आणि व्हॉल्व्ह जळतो. फार रुंद असेल तर स्प्रिंगचा तोच दाब मोठ्या जागेवर पसरतो, कार्बनचा कण चिरडला जात नाही, अडकून बसतो आणि मग त्या फटीतून जळता गॅस निसटून फेस कापत जातो. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३००० वेळा म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडून बंद होतो, आणि सीटवर टेकलेला असतो तेवढ्याच वेळात त्याला गार व्हायचंय. म्हणून हा पट्टा.

जास्त घासून पट्टा रुंद झाला तर तो परत बारीक करायचं कुठलंही साधन किटमध्ये नाही. त्याला सीट कटर लागतात, मधला ४५ डिग्रीचा, वरचा भाग कमी करायला ३० चा आणि खालचा कमी करायला ६० चा, हा नेहमीचा तीन कोनांचा हिशोब, इंजिनाप्रमाणे आकडे थोडे बदलतात. ते काम ज्याच्याकडे पायलट (कटरला गाइडच्या केंद्रात धरणारी दांडी) बसवायची नीट व्यवस्था आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

एक इशारा जो डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात हवा होता: टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असतील तर पेस्ट लावूच नका. काही हलक्या, जास्त आरपीएमच्या इंजिनांत, विशेषतः मोटोक्रॉसच्या बाइकमध्ये ते असतात, त्यांच्या फेसवर कडक कोटिंगचा अगदी पातळ थर असतो आणि पेस्ट तोच खाते, मग आतलं मऊ टायटॅनियम उघडं पडतं आणि व्हॉल्व्ह झपाट्याने सीटमध्ये धसत जातो. तिथे निळा रंग लावून फक्त संपर्क तपासायचा, सीट कट करायची आणि गरज असली तर नवीन व्हॉल्व्ह टाकायचा.

खूप जुन्या बाइकवाल्यांना अजून एक प्रश्न पडतो, शिसं नसलेल्या पेट्रोलवर सीट टिकेल का. १९२१ मध्ये अमेरिकेत टेट्राएथिल लेडचा उपयोग सापडला तेव्हापासून पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरून तिचं रक्षण करायचं, आणि २०२१ मध्ये अल्जेरियात ते बंद झाल्यावर जगात कुठल्याच रस्त्यावरच्या गाडीला ते मिळत नाही. मऊ बिडाच्या हेडमध्ये थेट कापलेल्या सीटचं हे दुखणं खरं आहे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये मात्र सीट वेगळ्या धातूची बसवलेलीच असते, तिथे काळजी बरीच कमी, आणि सीट धसायला लागलीच तर कडक सीट नवीन बसवता येते. पेस्टने हा प्रश्न सुटत नाही.

घासून झाल्यावरची सफाई हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. किटची पेस्ट ग्रीसची असल्यामुळे नुसत्या फडक्याने जात नाही, पसरते. आधी रॉकेल किंवा डिग्रीझर, मग गरम पाणी आणि साबण, गाइडमध्ये ब्रश फिरवून, पोर्ट धुऊन, हवा मारून, आणि लगेच ऑइलचा हात, नाहीतर सीट गंजते. पांढरं फडकं गाइडमधून ओढून बघा, राखाडी आलं तर अजून धुवा. आत राहिलेली पेस्ट गाइडला घासत राहते आणि खाली उतरली तर नवीन रिंग आणि बोअर पण खाते. पाण्याने धुतली जाणारी पेस्ट बनवणाऱ्यांनी दिली असती तर हा त्रास निम्मा झाला असता, माझा या पेस्टवर सगळ्यात मोठा आक्षेप हाच.

सील दर वेळी नवीनच. जुने सील परत चढवणाऱ्याला बंद करून ठेवलेली गाडी सुरू करताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून मग परत देताना निळा धूर दिसणार. शक्यतो व्हिटॉनचे (एका प्रकारच्या रबराचे) घ्या, उष्णता जास्त सोसतात. व्हॉल्व्ह आत घालताना दांडीवरच्या लॉकच्या खाचेवर पातळ प्लॅस्टिकची टोपी किंवा टेपचा एक वेढा ठेवा, सीलचं ओठ त्या धारेने फाटतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

परत जोडताना कॉम्प्रेसर पुन्हा मन जिंकतो. स्क्रूची चाल बारीक आहे त्यामुळे दाब अगदी हवा तिथे थांबवता येतो, लॉकच्या आतल्या बाजूला ग्रीसचा ठिपका लावायचा, खाचेत चिकटवायचा, दुसरा अर्धा तुकडा समोरून, दोघांमधली फट दोन्हीकडे सारखी दिसली की स्क्रू हळू सोडायचा. स्प्रिंगचे वेढे एका बाजूला जवळजवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब असतील तर जवळची बाजू खाली हेडकडे. शेवटी दांडीच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन हलके ठोके, लॉक नीट बसले नसतील तर तिथेच कळतं, चालू इंजिनात कळण्यापेक्षा ते बरं. हे करताना तोंड बाजूला आणि डोळ्यांवर गॉगल.

मग लीक टेस्ट. हेड उलटं, चेंबर वर, प्लग लावलेला, लेव्हलमध्ये ठेवून चेंबर रॉकेलने किंवा स्पिरिटने भरायचा आणि पोर्टमध्ये टॉर्च मारून बघायचं. थेंब जमले तर तो व्हॉल्व्ह परत काढा. पेट्रोल जास्त पातळ असल्याने ही परीक्षा अजून कडक होते पण बंद खोलीत उघडं पेट्रोल ठेवू नका, रॉकेलवर टिकलेला व्हॉल्व्ह मला पुरेसा वाटतो. सिंगल सिलिंडरच्या हेडवर बारीक पेस्टनेच दोन्ही व्हॉल्व्ह कोरडे राहिले. ट्विन कॅमच्या हेडमध्ये एका एक्झॉस्टचा पट्टा एका बाजूला रुंद आला होता, तो मी पेस्टने ओढूनताणून जुळवला नाही, सीट कट करायला पाठवली, परत आल्यावर बारीक पेस्टचा अगदी थोडा हात आणि तोही कोरडा.

घासल्यावर किंवा सीट कट केल्यावर व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा वर सरकतो, म्हणजे दांडीचं टोक रॉकरच्या जवळ येतं किंवा बकेट कॅमच्या जवळ सरकते, आणि ती मधली फट, म्हणजे टॅपेटची फट, कमी होते. म्हणून टॅपेट नव्याने सेट केल्याशिवाय इंजिन सुरूच करायचं नाही. स्क्रूवाल्या रॉकरवर ते लगेच होतं, शिमवाल्यावर मोजून पातळ शिम आणावा लागतो, आणि सीट जास्तच कापली गेली असेल तर त्या मापाचा पातळ शिमच मिळत नाही अशी वेळ येते. टाइट टॅपेट आवाज करत नाही म्हणून लोकांना तो छान वाटतो, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि एक्झॉस्ट जळायची सुरुवात तिथूनच होते. रनिंग इन (सुरुवातीचं जपून चालवणं) झाल्यावर थंड इंजिनवर परत एकदा मोजा, नवीन सीट बसताना थोडी हलते.

तर घ्यावं का? कॉम्प्रेसरसाठी नक्की घ्या, एकट्या त्याच्यासाठीसुद्धा. कडा कानशीने मोडून घेतल्या की तो आयुष्यभर चालेल असा आहे. बारीक पेस्ट आणि मॅग्नेट कामाचे, काठ्या मोठ्या व्हॉल्व्हपुरत्या, जाड पेस्ट बंद ठेवायला, आणि कागदाऐवजी तुमच्या इंजिनचं सर्विस मॅन्युअल. ज्यांच्याकडे चार व्हॉल्व्हचं शिमवालं इंजिन आहे त्यांनी घेण्याआधी सगळ्यात छोट्या अडॅप्टरचा बाहेरचा व्यास विचारून घ्या आणि आपल्या बकेटच्या बोअरशी ताडून बघा, पट्टी ठेवायलाही जागा उरली पाहिजे. आणि स्क्रूच्या आट्यांना दर वापराआधी मॉलिब्डेनमचं ग्रीस लावा, कोरडे फिरवले तर एवढे चांगले आटे लवकर खराब होतील.